ओढा रात्री रंगतो, पाहणी दुपारी होते

वाचकाचं पत्र : "सर, मी दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका गावची ग्रामपंचायत सदस्य आहे. गावाच्या वरच्या अंगाला सूत रंगवायचा कारखाना आहे. टॉवेल-चादरीचं सूत तिथं येतं. दोन वर्षांपासून रात्री ओढ्यात रंगाचं पाणी सोडतात. कधी लाल, कधी काळपट निळं. सकाळी काठाला नुसता डाग राहतो. ओढ्याकाठच्या चार विहिरींचं पाणी मचूळ झालंय, त्यातली एक ग्रामपंचायतीची आहे. डाळ शिजत नाही. मी तीनदा लेखी तक्रार दिली. साहेब एकदा आले, तेही दुपारी. चहा घेतला, ओढा बघितला आणि नंतर 'तक्रारीत तथ्य आढळले नाही' असं पत्र आलं. पोलीस ठाण्यात म्हणाले, हे आमच्याकडं येत नाही. मी बाटलीत पाणी भरून पुण्याच्या खासगी लॅबमधून तपासून आणलं, तर त्या रिपोर्टला कुणी हात लावत नाही. माझे दीर त्याच कारखान्यात कामाला आहेत, घरात रोज धुसफूस. आता मालकाचा निरोप आलाय की गावाला बोअर मारून देतो, तुमच्या शेताचंही बघू, फक्त पाचशेच्या स्टँपवर 'आमची तक्रार नाही' असं लिहून द्या. निम्मं गाव म्हणतंय, घ्या. मला त्या माणसाला जेलमध्ये बघायचंय. काय करू?"

ताई,

पत्राच्या शेवटापासून सुरू करतो. जेलचं मनातून काढा असं म्हणणार नाही, पण ती गोष्ट यादीत सगळ्यात खाली ठेवा. कारण राग नव्हे, कायदा. 1974 च्या जलप्रदूषण कायद्यात ओढ्या-नदीत घाण सोडणाऱ्याला मुळात दीड ते सहा वर्षं कैद लिहिलेली आहे. 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्यातही पाच वर्षांपर्यंत कैद होती. ती 'होती'. 2023 च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण कायदा आणि हवेचा कायदा या दोन्हींतली बहुतेक कैद काढून तिथं 10 हजार ते 15 लाख रुपयांचा दंड आणला, आणि 1 एप्रिल 2024 पासून तो लागूही झाला. हा दंड कोर्ट ठरवत नाही, वरिष्ठ सरकारी अधिकारी ठरवतो. राज्यात तो सचिव दर्जाच्या खाली नसतो. दंड 90 दिवसांत भरला नाही तरच कैदेचा विषय येतो. पाण्याच्या कायद्यात अशीच दुरुस्ती संसदेने 2024 मध्ये केली. पाणी हा राज्याचा विषय असल्यामुळे ती आधी हिमाचल, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाली, बाकीच्या राज्यांनी ठराव करून स्वीकारायची असते. महाराष्ट्राने ती स्वीकारली आहे का आणि कधीपासून, ते वकिलाकडून तपासून घ्या. तुमची तक्रार दोन वर्षांची आहे, म्हणून वकिलाला एक सांगून ठेवा : ज्या रात्री पाणी सोडलं त्या तारखेला जे कलम लागू होतं तेच लिहायचं. सगळ्या रात्रींना एकच कलम लावलं तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला तिथं बोट ठेवेल.

कैदेऐवजी दंड आणणं बरोबर की चूक यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. दंड लवकर बसतो, कैद कागदावरच राहायची, असं सरकारचं म्हणणं. माझं मत असं की ज्याची रोजची उलाढालच लाखात आहे त्याला दहा हजार म्हणजे डिझेलचा खर्च. पण आपल्याला आज जो कायदा हातात आहे त्यानंच काम करायचंय.

तेव्हा आधी ठरवा की तुम्हाला नेमकं काय हवंय. ओढ्यात येणारं पाणी थांबायला हवंय? विहिरी पुन्हा गोड व्हायला हव्यात? पिकाची भरपाई हवी? की मालकाला शिक्षा? पत्रात हे चारही एकत्र आलंय आणि प्रत्येकाचं दार वेगळं आहे. दारं नंतर दाखवतो. आधी ठाण्यातल्या हवालदाराविषयी बोलू, कारण तुमचा बराचसा राग तिकडं वळलेला दिसतो.

तो माणूस टाळाटाळीच्या सुरात बोलला असेल, पण फार चुकीचं बोलला नाही. जलप्रदूषण कायद्याखालच्या गुन्ह्याची दखल कोर्ट पोलिसांच्या आरोपपत्रावर घेत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाने फिर्याद दिली तर घेतं, किंवा ज्याने साठ दिवस आधी नोटीस दिली आहे अशा कुणीही दिली तर घेतं. 'कुणीही' हा शब्द लक्षात ठेवा, त्यावर पुढं येतो. देशाची गुन्हे नोंदणी उघडून 'पर्यावरणाशी संबंधित गुन्हे' हे प्रकरण पाहिलं तर त्यातला सगळ्यात मोठा वाटा सिगारेट-तंबाखूच्या कायद्याखालच्या केसेसचा असतो, मग आवाजाचा. म्हणजे बसस्टँडवर विडी ओढणारा पर्यावरणाचा गुन्हेगार म्हणून आकड्यात येतो आणि रात्री व्हॉल्व्ह उघडणारा येत नाही.

आपल्या जिल्ह्याला पर्यावरणाची कारवाई ठाऊक आहे ती वाळूची. भीमा-सीनेच्या पात्रातून टिप्पर पकडला की तोच पुरावा असतो. वाळू त्यात, नंबरप्लेट त्यावर, ड्रायव्हर आत. तहसीलदार पंचनामा करतात, दंड लावतात. रंगाच्या पाण्याचं तसं नाही, ते सकाळपर्यंत वाहून जातं. म्हणून पाणी वाहतं आहे तोवर काय काय केलं, यावर सगळी केस उभी राहते. तुमच्या बाटलीचंही दुखणं इथंच आहे.

जलप्रदूषण कायद्याच्या कलम 21 मध्ये नमुना कसा घ्यायचा ते बारीक लिहिलंय. मंडळाचा अधिकारी नमुना घेतो तेव्हा तिथल्या तिथं कारखान्याच्या जबाबदार माणसाला लेखी सांगतो की हा तपासायला जाणार. त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करतो, दोन्ही बाटल्या सीलबंद होतात, दोघांच्या सह्या होतात. एक मंडळाच्या प्रयोगशाळेला जाते. कारखानदाराने मागणी केली तर दुसरी सरकारने ठरवून दिलेल्या प्रयोगशाळेला जाते. तो मुद्दाम गैरहजर राहिला तर काय करायचं तेही लिहिलेलं आहे. ही पद्धत पाळली नाही तर तपासणीचा निष्कर्ष कोर्टात पुरावा म्हणून चालतच नाही. पाणी कितीही काळं असो. एक सही राहिली, नोटिशीवर वेळ टाकली नाही, एवढ्यावर फिर्यादी ढासळतात. तुम्ही भरलेल्या बाटलीला तर यातलं काहीच नाही. तिच्यावर कुणाला दोषी ठरवता येणार नाही.

पण म्हणून ती फेकून देऊ नका. त्या रिपोर्टचा उपयोग वेगळा आहे : अधिकृत नमुना घ्यायला भाग पाडणं. पुढच्या वेळी मात्र जरा नीट घ्या. ग्रामसेवक किंवा तलाठी, आणि गावातले दोन माणसं, ज्यांचा तुमच्याशी सोयरसंबंध नाही, त्यांना घेऊन जा. दोन नमुने भरा, एक कारखान्याच्या वरच्या बाजूच्या ओढ्यातून आणि एक खालच्या. वरचा नमुना नसेल तर 'हे पाणी वरूनच असं येतं' हे उत्तर तयार असतं. बाटल्या बर्फात ठेवून त्याच दिवशी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पोचवा. बीओडीची, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते याची, चाचणी 27 अंशाला तीन दिवस चालते, आणि बाटली आधी दोन दिवस उन्हात गाडीत पडली असेल तर आकड्याला अर्थ राहत नाही. जागेवरच पंचनामा लिहा : तारीख, वेळ, जागा, रंग, वास, पाणी कुठून येताना दिसलं.

आणि फक्त रंग तपासू नका. सुताच्या रंगाईत, विशेषतः रिअ‍ॅक्टिव्ह रंगांत, मीठ भरपूर लागतं, त्याशिवाय रंग धाग्याला नीट धरत नाही. साध्या ईटीपीतून, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेतून, रंग उतरतो, बीओडी उतरतो, मीठ मात्र तसंच पुढं जातं. ते काढायला आरओ आणि पाणी आटवायची यंत्रणा लागते, आणि ती महाग असते. म्हणजे उद्या मालकाने ईटीपी नीट चालवून काचेसारखं पाणी सोडलं तरी तुमच्या विहिरी मचूळच होत राहतील, आणि तो छाती ठोकून सांगेल की आता तर रंगही नाही. म्हणून प्रयोगशाळेला टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार), क्लोराइड, सोडियम आणि सल्फेट स्पष्ट लिहून मागा. पिण्याच्या पाण्यात टीडीएस लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत चांगलं धरतात, दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. तुमच्या चारही विहिरी या मोजपट्टीवर कुठं आहेत ते आधी कळू द्या.

आता समोरचा वकील काय म्हणेल ते मी आत्ताच सांगतो : "सोलापूरच्या विहिरी मुळातच खाऱ्या." आणि हे साफ खोटं नाही. आपल्याकडं बऱ्याच ठिकाणचं भूजल जड आहे. त्यामुळं आज पाणी वाईट आहे एवढं दाखवून भागत नाही, आधी चांगलं होतं हे दाखवावं लागतं. इथं तुमचं सदस्यपद कामाला येतं. ग्रामपंचायतीच्या विहिरीचे नमुने जलसुरक्षक दरवर्षी घेतो आणि ते भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेत जातात. कारखाना सुरू व्हायच्या आधीच्या वर्षांचे ते रिपोर्ट ग्रामपंचायतीच्या दप्तरात नाहीतर पंचायत समितीत सापडतील. शोधा, धूळ झटका, साक्षांकित प्रती काढा. माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाचा कागद हाच आहे, आणि त्याला मालक हात लावू शकत नाही. ओढ्यापासून लांबच्या, वरच्या बाजूच्या एखाद्या विहिरीचंही पाणी तपासून ठेवा. ती अजून गोड असेल तर बाकीच्या चार का बिघडल्या, याचं उत्तर समोरच्याला द्यावं लागेल.

कारखान्याचे स्वतःचे कागद हा दुसरा खजिना. मंडळाच्या संमतीपत्राशिवाय असा कारखाना चालवता येत नाही. रंगाईचे उद्योग लाल, म्हणजे सर्वांत जास्त प्रदूषणाच्या, प्रवर्गात मोडतात. रोज किती घनमीटर सांडपाणी तयार होईल, ते कुठं सोडायचं, किती शुद्ध करून सोडायचं, हे सगळं संमतीपत्रात असतं. जलप्रदूषण कायद्याच्या कलम 25 नुसार मंडळाला संमतीपत्रांची नोंदवही ठेवावी लागते आणि त्या सांडपाण्याची झळ बसणाऱ्या कुणालाही ती पाहण्याचा हक्क आहे. हा हक्क माहिती अधिकार येण्याच्या कितीतरी आधीपासूनचा आहे. तरीही माहिती अधिकाराचा अर्ज सोबत टाकाच. त्यात संमतीपत्र, आजवर घेतलेल्या नमुन्यांचे अहवाल, दिलेल्या नोटिसा, घेतलेली बँक हमी आणि ती जप्त केली की नाही, एवढं मागा. ज्या पाहणीत 'तथ्य आढळले नाही' तिचा मूळ अहवालही मागा. पाहणी किती वाजता झाली, सही कुणाची, ईटीपीच्या मीटरचं रीडिंग घेतलं का, नमुना घेतला का, हे त्यात दिसलं पाहिजे. नमुनाच घेतला नसेल तर तथ्य शोधलं कशात, हा पुढच्या अर्जातला पहिला प्रश्न.

यातली एक गंमत लोकांच्या लक्षात येत नाही. ईटीपी खरंच चालला तर तळाशी गाळ उरतो. हा रासायनिक गाळ घातक कचऱ्यात मोडतो. तो उकिरड्यावर टाकता येत नाही, रांजणगावसारख्या ठिकाणच्या घातक कचरा केंद्रावर पाठवावा लागतो आणि प्रत्येक खेपेची पावती बनते. शिवाय दरवर्षी 30 सप्टेंबरपर्यंत कारखान्याने मंडळाला पर्यावरण विवरणपत्र द्यायचं असतं. त्यात किती पाणी वापरलं, किती माल काढला, किती कचरा झाला हे लिहावं लागतं. आता मांडून बघा. वर्षभर सूत रंगलं, पाणी वापरलं, पण गाळाची एकही खेप गेली नाही. मग ईटीपी चालला कधी? रात्री ओढ्यावर जागरण करून जे सिद्ध होत नाही ते टेबलावर तीन कागद शेजारी ठेवून होतं. ईटीपीला वेगळं वीजमीटर असेल तर त्याचं बिलही मागा.

कारखाना खरा कुणाचा तेही याच वेळी पाहून घ्या. आपल्याकडं जागा एकाची, यंत्रं दुसऱ्याची, प्लांट भाड्याने तिसऱ्याकडं आणि काम जॉबवर, असं सर्रास चालतं. कंपनी असेल तर तिच्या कारभाराला त्या वेळी जबाबदार कोण होतं हे फिर्यादीत स्पष्ट लिहावं लागतं. नुसतं 'मालक' लिहून पाठवलेली फिर्याद वरच्या कोर्टात रद्द होऊन येते. संमतीपत्रावरचं नाव, वीजबिलावरचं नाव आणि भाडेकरार जुळतात का ते बघा.

आता रात्रीचं. एक जाड वही करा आणि ज्या रात्री पाणी येईल त्या रात्रीची नोंद करा : वेळ, रंग, किती वेळ वाहिलं, कुणी कुणी पाहिलं. फोटो मोबाइलमध्येच मूळ स्वरूपात ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या प्रतीत मूळ फोटोतली तारीख-जागेची माहिती उरत नाही. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्याला नव्या साक्ष कायद्याच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, ते मूळ फोनवाल्यालाच देणं सोपं जातं. या वहीचे दोन उपयोग आहेत. एक, जलप्रदूषण कायद्यात 'जाणूनबुजून' घाण सोडणं हा गुन्हा आहे. एका रात्रीबद्दल विचारलं तर उत्तर मिळतं की व्हॉल्व्ह गळाला, नवा कामगार होता. वहीत चाळीस रात्री असतील तर चाळीस वेळा व्हॉल्व्ह गळत नाही. दुसरा, नोंदींतून वेळापत्रक दिसायला लागतं. आठवड्यातला ठरावीक वार, वीज गेलेली रात्र, किंवा मोठा पाऊस. ते हाती आलं की मंडळाच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्यांना लेखी द्या : अमुक वारी रात्री अकरा ते दोन या वेळेत नमुना घ्यावा. प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. पाणी वाहत असतानाच फोन करा आणि कुणाला, किती वाजता केला हे वहीत लिहा.

मंडळाची बाजूही सांगितली पाहिजे. देशभरातल्या प्रदूषण मंडळांत मंजूर पदांपैकी जवळपास निम्मी रिकामी असल्याचं हरित लवादासमोर, म्हणजे पर्यावरणाच्या दाव्यांसाठीच्या खास न्यायाधिकरणासमोर, आलेलं आहे. आपला जिल्हा साखर कारखान्यांच्या संख्येत राज्यात पुढं. गळीत हंगामात मळीच्या तक्रारी, वर डिस्टिलऱ्या, शहराचं सांडपाणी, यंत्रमाग आणि रंगाई. मोजक्या माणसांनी रात्री बारा वाजता तुमच्या ओढ्यावर यावं ही अपेक्षा रास्त आहे, पण आपोआप पुरी होणार नाही. वेळ आणि जागा नेमकी दिली तर येण्याची शक्यता वाढते, आणि नाही आले तर 'कळवूनही आले नाहीत' हे कागदावर राहतं.

त्या पहिल्या अधिकृत नमुन्याची घाई मी का करतोय ते सांगतो. केंद्रीय मंडळाने 2019 मध्ये पर्यावरणीय भरपाई मोजायचं सूत्र ठरवलं. लाल प्रवर्गातला लहान उद्योग, दहा लाखांखालच्या वस्तीचा भाग आणि सूत्रात सुचवलेला 250 रुपयांचा दर धरला तर ती दिवसाला 10 हजार रुपये येते, गुणिले उल्लंघनाचे दिवस. पण हे दिवस तुमच्या वहीपासून मोजत नाहीत. अधिकाऱ्याने उल्लंघन पाहिलं तिथून ते सुधारल्याची खात्री होईपर्यंत मोजतात. रिक्षाचा मीटर पडल्याशिवाय भाडं चढत नाही, तसंच हे. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषण मंडळांना अशी भरपाई वसूल करता येते असं स्पष्ट केलंय, तेव्हा 'आम्हाला अधिकार नाही' हे उत्तर ऐकून परत येऊ नका.

आता दारं. पाणी थांबवायचं असेल तर मंडळाकडं कलम 33अ खालच्या निर्देशांची मागणी करा. त्यात वीज-पाणी तोडण्यापासून कारखाना बंद करण्यापर्यंत अधिकार आहे. दुसरं दार प्रांतांचं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली सार्वजनिक उपद्रव हटवायचा आदेश ते देऊ शकतात. हे जुन्या फौजदारी संहितेचं 133. याच कलमावर मध्य प्रदेशातल्या रतलामच्या रहिवाशांनी उघडी गटारं आणि दारूच्या कारखान्याच्या दुर्गंधीविरुद्ध नगरपालिकेला सर्वोच्च न्यायालयापर्यंत खेचलं आणि 1980 मध्ये जिंकले. पैसे नाहीत ही नगरपालिकेची सबब कोर्टाने ऐकून घेतली नाही. हे दार वकीलसुद्धा विसरून जातात. तुमच्यासाठी ते सगळ्यात जवळचं आणि स्वस्त आहे.

भरपाई आणि विहिरींची दुरुस्ती हवी असेल तर राष्ट्रीय हरित लवाद, पुणे खंडपीठ. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी निघून रात्री घरी परत येता येतं, आणि बऱ्याच सुनावण्या व्हिडिओवरही होतात. लवाद साक्ष कायद्याच्या काटेकोर नियमांनी बांधलेला नाही. तिथं तुमची वही, पंचनामा, जुने रिपोर्ट हे सगळं वाचलं जातं, आणि बहुतेक वेळा लवाद संयुक्त समिती नेमून तिलाच जागेवर पाठवतो. मात्र मुदत सांभाळा. नुसत्या वादाचा अर्ज, त्या वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत करायचा असतो, वर फार तर साठ दिवस. तुमची दोन वर्षं झालीत. भरपाई आणि पर्यावरण पूर्ववत करण्याच्या अर्जाला, म्हणजे कलम 15 ला, पाच वर्षं आहेत. वकिलाने अर्जात कलम 15 स्पष्ट मांडलं पाहिजे, नाहीतर दारातूनच परत फिराल. फी म्हणजे भरपाईच्या मागणीच्या एक टक्का, किमान हजार रुपये. भरपाई मागितली नाही तर हजार. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला माफ. आणि वकिलाच्या खर्चाची काळजी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रीला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही.

शिक्षेचं दार साठ दिवसांच्या नोटिशीचं. जलप्रदूषण कायद्याच्या कलम 49 खाली मंडळाला नोटीस द्या की अमुक गुन्हा घडतोय, मी फिर्याद करणार. साठ दिवसांनंतर तुम्ही स्वतः न्यायदंडाधिकाऱ्यांकडं जाऊ शकता, आणि तुमच्या फिर्यादीनंतर मागणी केल्यास मंडळाने आपल्याकडचे संबंधित अहवाल तुम्हाला द्यायचे असतात, सार्वजनिक हिताला बाधा येते असं म्हटलं तर गोष्ट वेगळी. खरं सांगायचं तर फिर्यादीपेक्षा नोटीसच जास्त काम करते. साठ दिवसांचं घड्याळ सुरू झालं की फाइल हलते, कारणे दाखवा नोटीस निघते, नमुना घेतला जातो. मग फिर्यादीची गरज उरते का, ते त्या वेळी बघा.

किती वेळ लागेल? राजस्थानात उदयपूरजवळ बिच्छडी गावात रंगासाठी लागणारं एच-अ‍ॅसिड बनवणाऱ्या कारखान्यांनी विहिरी काळ्या केल्या. 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली, 1996 मध्ये निकाल लागला : प्रदूषण करणाऱ्यानेच साफसफाईचा खर्च द्यायचा, ती रक्कम पुढं 37 कोटींवर ठरली. ती भरायला इतकी टाळाटाळ झाली की 2011 मध्ये कोर्टाने चक्रवाढ व्याज लावलं. निकाल ऐतिहासिक, पण गावाने बावीस वर्षं ते पाणी पाहिलं. म्हणून म्हणतो, पाणी थांबवण्याच्या दारावर आधी थाप मारा, मोठी लढाई त्याच्या मागून चालू द्या.

दिरांचं काय? त्यांना साक्षीदार करू नका आणि आतले कागद आणायलाही सांगू नका. नोकरी गेली तर घर तुम्हाला दोष देईल, आणि चोरून आणलेल्या कागदावरून त्यांच्यावरच उलटी तक्रार होऊ शकते. वर सांगितलेलं बहुतेक सगळं बाहेरून मिळतं. दुसरं असं की तुमच्या अर्जात 'कारखाना कायमचा बंद करा' ही पहिली मागणी ठेवू नका. बंदचा आदेश निघाला तर आधी रोजंदारीवरच्यांची चूल बंद होते, मालक बँक हमी भरून पुन्हा सुरू करतो. त्याऐवजी मागा : क्षार काढायची यंत्रणा ठरलेल्या मुदतीत बसवावी, तोवर उत्पादन कमी करावं, मोठी बँक हमी ठेवावी, मुदत चुकली की ती जप्त व्हावी, विहिरींचं पाणी दर तीन महिन्यांनी तपासून अहवाल ग्रामपंचायतीत लावावा. दिरांना हे वाचून दाखवा. घरातली धुसफूस यानं संपेलच असं नाही, पण तुम्ही त्यांची भाकरी काढायला निघाला नाहीत एवढं त्यांना दिसेल.

राहिला स्टँप. सही करू नका. तुमच्या सहीने गावाचा किंवा शेजारच्या शेतकऱ्याचा हक्क जात नाही, पण उद्या लवादासमोर तो कागद पहिला निघेल आणि तुमच्या शब्दाचं वजन कमी करेल. पिण्याच्या पाण्याचा टँकर किंवा बोअर गावाला खरोखर हवा असेल तर ग्रामसभेत ठराव करून घ्या, आणि ठरावातच लिहा की हे स्वीकारलं म्हणून कुणाचीही तक्रार मागं घेतली असा अर्थ होत नाही. मात्र त्याच ओढ्याकाठी बोअर मारून उपयोग नाही, तेही मचूळच लागेल. आणि स्वतःच्या शेताच्या भरपाईचा आकडा मालकाशी तोंडी बोलू नका, फोनवर नाही, मध्यस्थामार्फत नाही, चहाच्या टपरीवर तर मुळीच नाही. तक्रारदाराने पैसे मागितले म्हणून खंडणीचा गुन्हा नोंदवणं ही तक्रार मोडायची जुनी रीत आहे, आणि त्या गुन्ह्यात पोलीस 'आमच्याकडं येत नाही' असं म्हणत नाहीत. निरोप घेऊन येणाऱ्याला सांगा की जे काय असेल ते ग्रामपंचायतीला लेखी द्या. तो निरोप कधी आला, कुणी आणला, काय शब्द होते, हेही आजच वहीत लिहून टाका.